मातीतला कांदा

पॉलिमर क्ले ही नावाचीच माती. वस्तुतः ते मऊ राखलेले पीव्हीसी. सुमारे 130 अंशांवर भाजले की टणक होते. अमरावतीच्या वैशाखात मात्र ते हातातच सैल पडते, म्हणून मी पहाटे बसते. नखाएवढा गिला वडा, त्यावर दही. ज्वारीच्या भाकरीचा खरबरीतपणा सुईच्या टोकाने, खरपूस डाग खडूच्या भुकटीने. डाग कुठे पडतात, हे तव्याशी आयुष्य घालवलेल्या हाताला शिकवावे लागत नाही.

अकोल्याच्या भाचीने झुणका-भाकरीचे ताट मागितले, शेजारी फोडलेला कांदा हवा. "मामी, हा कांदा कोण खाणार आहे?" प्रश्न रास्त होता. परंतु यशोधर राजाने बळी दिलेला कोंबडाही पिठाचाच होता, आणि त्या संकल्पापायी त्याला पशुयोनीत भटकावे लागले. ती कथा सांगणारे पुष्पदंतांचे 'जसहरचरिउ' 1931 साली आपल्या कारंज्याच्याच ग्रंथमालेत छापले गेले. अर्थात तिथे वधाचा भाव होता, इथे केवळ सजावटीचा. दोन्ही एकच, असे मी म्हणणार नाही. तरी आठ दिवस हात चालेना.

अखेर कांद्याच्या जागी तळलेली मिरची ठेवली. ताट नेताना भाचीने उरलेली पांढरी आणि गुलाबी क्ले मागितली. मी दिली.