पंचवीस लिटर की तीनशे?

जुहूला राहते असं सांगितलं की समोरच्या माणसाच्या डोळ्यांत एक समुद्राकडे तोंड केलेला बंगला उभा राहतो. आमचं घर जुहू गल्लीच्या आतल्या बाजूला आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि समुद्र दिसायचा तर चपला घालून वीस मिनिटं चालावं लागतं. हे घर बाबांनी साकीनाक्याच्या एका गाळ्यातल्या तीन मशीनांवर उभं केलंय. ते सांगायचं कारण म्हणजे गेले चार वीकांत मी त्या गाळ्यात घालवले. मॉल नाही, सिनेमा नाही, माथेरान नाही. पितळेच्या तुकड्यांवरून आणि एका थरथरणाऱ्या भांड्यावरून बाबांशी भांडत होते.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मेकॅनिकल इंजिनियर. म्हणजे डिग्री तशी आहे. कॅम्पसमध्ये जी पहिली आयटी कंपनी आली तिने उचललं, आणि त्यानंतर वर्नियर हातात धरला नाही. बाबा कधी काही बोलले नाहीत. फक्त कोणी विचारलं की "मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगतात, जणू मी त्याच्या आत राहते.

तर झालं असं की बाबांना एक चांगली ऑर्डर आली. पितळेचा छोटा कनेक्टर. बावीस मिलिमीटर व्यास, अठरा लांबी, मधून बारा मिलिमीटरचं आरपार भोक, बाहेरून आटे, आणि बाजूने त्या भोकाला जाऊन मिळणारं एक बारीक आडवं भोक. रोजचे सहा हजार नग. सीएनसी तेवढे काढू शकत होत्या. अडत होतं पुढे, बर काढण्यात.

बर म्हणजे काय ते माझ्या आयटीतल्या मित्रमैत्रिणींसाठी. करंजीची कड कातणाने कापली की बाजूला पिठाचा एक पातळ पदर लोंबत राहतो ना, तसंच धातूचं होतं. टूल जिथून बाहेर पडतं तिथे एक पातळ, धारदार कड उरते. ती राहिली तर जोडणी नीट बसत नाही, सील कापलं जातं, कधी तुटून आत पडते आणि वाल्व अडवते. आणि हाताला लागली तर ब्लेडसारखी कापते. बाबांच्या गाळ्यात दोन मावश्या कानस आणि डिबरिंगची सुरी घेऊन हे काम पंधरा वर्षं करतायत. त्यांच्या अंगठ्यांकडे बघितलं की कळतं.

याला यांत्रिक उत्तर आहे, त्याला शॉपवर सगळे नुसतं व्हायब्रो म्हणतात. आतून पॉलियुरेथेनचं अस्तर असलेलं गोल भांडं, स्प्रिंगांवर ठेवलेलं. मधोमध उभी मोटर, तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला मुद्दाम एका बाजूला बसवलेली वजनं. मोटर फिरली की भांडं थरथरतं. आत सिरॅमिकचे किंवा प्लॅस्टिकचे त्रिकोणी, शंकूसारखे, तिरपे कापलेले दांडे असे खडे असतात, त्यांना मीडिया म्हणायचं. जॉब त्यात टाकले की सगळं मिळून भांड्यात गोल फिरतं आणि फिरता फिरता वरखाली उलटतं, मोठ्या कढईत चिवडा परतल्यासारखं. खडे कडांना घासत राहतात, बर जाते. वरच्या आणि खालच्या वजनांमधला कोन बदलला की परतण्याची चाल बदलते. सोबत पाणी आणि साबणासारखं कंपाउंड सोडत राहायचं, नाहीतर मळ खड्यांवरच बसतो, ते गुळगुळीत होतात आणि कापेनासे होतात.

बाबांकडे असं पंचवीस लिटरचं एक आहे. जुनं. "मोठं घ्यायचंय," ते म्हणाले, "तू जरा हिशोब करून दे."

बाबांनी मला काम सांगितलं! मी दोन रात्री जागून एक्सेल केलं. तीन टॅब, रंगीत ग्राफ. उत्तर आलं तीनशे लिटर. लिटरमागे किंमत सगळ्यात कमी, एका घाण्यात हजारो नग, दोन वर्षांत पैसे वसूल. पैसे वसूल होण्याच्या हिशोबात मी एक ओळ टाकली होती, 'हाताने डिबरिंग: बचत'. त्यात दोन पगार होते.

शनिवारी डी. एन. नगरहून मेट्रो पकडून साकीनाक्याला गेले. २०१४ च्या जूनमध्ये ही मेट्रो सुरू व्हायच्या आधी बाबा याच अंतरासाठी दीड तास बसमध्ये घालवायचे. मरोळ, साकीनाका हा सगळा पट्टा एके काळी लेथच्या आवाजाचा. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, पुढे १९७३ ला बाजूलाच सीप्झ आलं. आता कितीतरी कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत, गाळेवाले वसईला, भिवंडीला गेले. गंमत म्हणजे माझी स्वतःची नोकरीही अशाच एका काचेत आहे.

बाबांनी चष्मा लावून एक्सेल शांतपणे बघितलं. मग पहिला प्रश्न. "गुणोत्तर काय धरलंस?"

मी मीडिया आणि जॉब समान धरले होते, १ ला १. म्हणजे भांडं अर्धं जॉबनी भरलेलं. नग जास्त मावतात ना!

"चल, करून बघू."

जुन्या व्हायब्रोत समान मापाने भरून पन्नास मिनिटं चालवलं. बाहेर काढलं तर बर गेली होती, पण आट्यांवर ठिकठिकाणी ठोके. जॉब जॉबवर आपटत होते. ओतीव, ओबडधोबड मालाला १ ला १ चालतं. लोखंडाच्या साध्या जॉबला साधारण तीन भाग मीडिया. पितळ-ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूला चार ते सहा भाग, म्हणजे दोन जॉबच्या मध्ये कायम खड्यांची गादी राहते. हे मी कॉलेजात कधीतरी वाचलं असणार. मार्कही मिळाले असतील.

मग वहीवर, पेन्सिलने, दोघांनी मिळून हिशोब केला. पंचवीस लिटरच्या भांड्यात भरतात वीसच. चारास एक धरलं तर जॉबना मिळतात चार लिटर. आमचा कनेक्टर सुटा टाकला तर एकाला सुमारे दहा मिलिलिटर जागा खातो, म्हणजे चारशे नग. पन्नास मिनिटं चाल, आणि हाताने चाळणीवर उपसून खडे वेगळे करायला वीस. सत्तर मिनिटांचा एक घाणा, आठ तासांत सहाच घाणे. दिवसाला २४००. हवेत ६०००. दुखणं खरंच होतं.

आता माझं तीनशे लिटर. भरायचे दोनशे चाळीस, जॉबना अठ्ठेचाळीस लिटर, एका घाण्याला ४८०० नग. मी विजयी मुद्रेने बघितलं. बाबा म्हणाले, "चार हजार आठशे नग जमायला किती वेळ लागेल?"

रोज सहा हजार बनतात. म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस.

"म्हणजे सकाळी बनलेला नग संध्याकाळपर्यंत क्रेटमध्ये बसणार. त्यात ड्रिल झिजलंय हे मला संध्याकाळी कळणार. आणि घाणा बिघडला तर एका वेळी दोनशे किलो पितळ भंगारात."

मी गप्प. एका नगाचं वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास, गुणाकार बरोबर होता. वर सिरॅमिकचे खडे, लिटरला दीड किलोच्या हिशोबाने पावणेतीनशे-तीनशे किलो. दुसरा मऊ जॉब आला की ते सगळे उपसून वेगळे खडे भरायचे, अर्धा दिवस गेला.

खरं सांगू का, मला लाज वाटली. कारण हेच मी रोज हापिसात दुसऱ्यांना सांगते. महिन्याचं काम एकदम सोडू नका, छोटे तुकडे करा, चूक लवकर कळते. जॉन लिटल नावाच्या माणसाने १९६१ साली सिद्ध केलेला नियम आम्ही मीटिंगमध्ये फेकतो: रांगेत सरासरी किती जण आहेत, ते येण्याच्या वेगाला थांबण्याच्या वेळेने गुणलं की मिळतं. थांबणं वाढलं की रांग वाढते. बाबांनी लिटलचं नाव ऐकलेलं नाही. त्यांची रांग म्हणजे क्रेट, आणि क्रेटमध्ये अडकलेले पैसे त्यांचे स्वतःचे.

शंभर लिटरचा हिशोब केला. भरायचे ऐंशी, जॉबना सोळा, म्हणजे १६०० नग. मोठ्या भांड्यांना पडदा आणि जाळी असते. चाल उलटी फिरवली की जॉब जाळीवरून आपोआप बाहेर येतात, खडे खाली पडून परत आत. घाणा तासाभराचा. आठ तासांत १२,८००, गरजेच्या दुप्पट. उद्या ऑर्डर वाढली तरी पुरेल. आणि जुनं पंचवीसवालं ठेवायचं, सुट्या लॉटना आणि मोठं बंद पडलं तर.

ठरलं असं वाटलं. तेवढ्यात मोठ्या मावशींनी हाक मारली. "ताई, हे बघा."

मघाच्या घाण्यातला एक कनेक्टर त्यांच्या हातात होता. बारा मिलिमीटरच्या भोकात दोन त्रिकोणी खडे एकमेकांना पाठ लावून घट्ट रुतलेले. "एक असला की पडतो खाली. दोन एकदम शिरले की राहतात. नवीन होते तेव्हा नाही अडकायचे, झिजल्यावर अडकतात." कोटेशनबरोबर आलेल्या कागदात याच मापाचा मीडिया सुचवला होता. खडा भोकापेक्षा चांगला मोठा हवा, नाहीतर भोकाच्या एक तृतीयांशाहून लहान हवा. आणि झिजून मधल्या मापाला येणारे वेळच्या वेळी चाळून काढायला हवेत. हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य त्यांनी पुस्तकाशिवाय सांगितलं होतं. रोज सहा हजार नगांतले दोनशे जरी असे निघाले, तर प्रत्येकातून खडे ठोकून काढायला बसणार कोण?

मग त्यांनी बारीक आडव्या भोकाच्या आत टॉर्च मारून दाखवला. दोन भोकं जिथे मिळतात तिथली बर जशीच्या तशी. बाहेरच्या कडा चकाचक, आतली कड तशीच, कारण तिथे खडा पोचतच नाही. भांडं पंचवीस लिटरचं असो की तीनशेचं. नेमकी हीच बर तुटून पुढे वाल्वमध्ये जाणार.

बाबांनी माझ्या एक्सेलचा छापील कागद समोर ओढला, 'हाताने डिबरिंग: बचत' ही ओळ पेन्सिलने खोडली, आणि काही न बोलता चहा सांगितला. मावश्यांनी तो कागद वाचला नव्हता. मला मात्र तो चहा गोड लागला नाही.

रविवारी संध्याकाळी बाबांबरोबर चौपाटीवर गेले. मी विचारलं, "पगार वाचतात म्हणून खोडलं नाहीत ना? दया आली म्हणून?" त्यांनी वाळूतून हिरव्या काचेचा एक तुकडा उचलला. कधीकाळची बाटली असणार, आता कडा गोल, चिंचोक्यासारख्या गुळगुळीत. "हासुद्धा व्हायब्रोच," ते म्हणाले. "पण ह्याला घाई नाही. आपल्याला आहे, म्हणून मशीन घ्यायचं. दयेचा काय संबंध? तू धरलेलं काम मशीन करतच नाही, मग बचत कुठली?" जरा थांबून म्हणाले, "आणि करत असतं, तरी त्या ओळीच्या शेजारी नावं लिहून बघायला हवी होतीस."

शेवटी शंभर लिटरचं घेतलं. पैसे द्यायच्या आधी आमचेच दोनशे नग नेऊन चालवून बघितले, दुसऱ्या मापाचा मीडिया घेऊन, एकेक भोक तपासून. बसवताना ते सीएनसीपासून लांब, मोरीच्या बाजूला बसवलं. स्प्रिंगा असल्या तरी जमीन थोडी थरथरतेच, आणि आवाज एवढा की झाकण आणि कानातले बोळे दोन्ही लागतात. धुतलेलं गढूळ पाणी आधी टाकीत निवळतं, खालचा गाळ वेगळा साठवतो. त्यात पितळेचा भुगा असतो, तो गटारात सोडायचा नसतो. हा खर्च माझ्या तीन टॅबमध्ये कुठेच नव्हता.

धाकट्या मावशी आता आडव्या भोकांची आतली बर काढतात. मोठ्या मावशी टॉर्च घेऊन तपासणीला बसतात, दर शनिवारी खडे चाळतात, आणि कानस फार कमी धरतात. अंगठा अजून तसाच आहे, तो काही आता बदलणार नाही.

राहता राहिला एक प्रश्न, जो हिशोबात कोणीच धरला नाही. मशीन नीट वापरलं तर पंधरा वर्षं चालेल. बाबा एकसष्ट वर्षांचे आहेत. पैसे भरायच्या दिवशी मी हे म्हणणार होते, पण म्हटलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त गाळ्याच्या चाव्यांचा दुसरा जुडगा आता माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे. मी शनिवारी जाते.

अजून तरी, शनिवारीच.