पोळ्याच्या करीची नोंद

आज पोळ्याची कर. जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव आमनेसामने; दिवसभर गोटमारीची दगडफेक, ढोल, आरडाओरडा. शेजारचे निवृत्त सुभेदारकाका मात्र आतल्या खोलीत दार लावून बसले होते. काकू हळूच म्हणाल्या, "आवाज सोसत नाही रे त्यांना. झोपेतही दचकून उठतात." पेन्शन वेळेवर येते, कॅन्टीनचं कार्ड आहे, पण या दचकण्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

संध्याकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. माजी सैनिकांसाठी जिल्हा सैनिक मंडळ असतं, कलेक्टर त्याचे अध्यक्ष. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे होऊन आमचा नवा जिल्हा झाला. इथल्या मंडळात, किंवा उद्या कुणी अशा सैनिकांच्या मानसिक उपचारांसाठी संस्था काढली तर तिच्या विश्वस्तांत, कोण बसणार? मानाच्या खुर्च्या भरून भागणार नाही. मनोविकारतज्ज्ञ हवा. एखाद्या सैनिकाची पत्नी हवीच, कारण घरातली रात्र तिलाच ठाऊक. हिशेब जाहीर व्हावा, पण उपचार घेणाऱ्याचं नाव बैठकीच्या इतिवृत्तात कधीही येऊ नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच मानला आहे.

हे सगळं उभं राहीपर्यंत टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू आहे. तुमच्या घरी असा कुणी सैनिक असेल, तर त्याच्या शेजारी बसा आणि तो फोन लावून द्या.