एकशे वीस गोल पत्ते

पत्त्यांचा आकार कसा असतो, असे कुणी विचारले तर तुम्ही हसालच. चौकोनी, आणखी कसा! पण बालमित्रांनो, आपल्याकडे शेकडो वर्षे जे पत्ते खेळले जात, ते पुष्कळदा चक्क गोल असत. त्यांचे नाव गंजिफा. बाबर बादशहाने १५२७ साली सिंधमधल्या आपल्या एका स्नेह्याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. स्नेह्याला ते पत्ते फार आवडत, म्हणून पाठवले. बादशहांनाही पत्त्यांचे वेड असते, बरं का!

हे गोल पत्ते आजही जिथे हाताने रंगवले जातात, असे एक छोटेसे गाव आपल्या कोकणात आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातली सावंतवाडी. मध्यभागी १८७४ साली बांधलेला मोती तलाव, काठावर राजवाडा, आणि बाजारात शिरलात की चितार आळी. चितारी म्हणजे रंगवणारे, चित्रे काढणारे कारागीर. त्यांचीच ही आळी. दुकानांतून लाकडी आंबे, केळी, सीताफळे, मिरच्या अशा काही मांडून ठेवलेल्या असतात की हात लावल्याशिवाय खरे-खोटे कळत नाही. पूर्वापार ही खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची करत. पांगारा वजनाला हलका आणि मऊ, त्यामुळे कोरायला सोपा. भातुकली, बैलगाडी, पाट, चौरंग, देव्हारे... पाहत बसलात तर जेवायची वेळ टळते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या भाचीला घेऊन तिथे गेलो होतो. ती सातवीत आहे आणि तिला प्रश्न फार पडतात. एका दुकानात एक म्हातारे कारागीर बारीक कुंचल्याने गोल चकतीवर काहीतरी काढत बसले होते. चकती केवढी? सरबताच्या पेल्यावर झाकण म्हणून बसेल एवढी. त्यावर मासा, माशाच्या तोंडातून निघालेला देव, आणि भोवती नाजूक महिरप. आम्ही चांगला अर्धा तास उभे होतो. तेवढ्या वेळात त्यांची एक महिरपसुद्धा पुरी झाली नाही.

"मामा, असे किती काढायचे असतात?" भाचीने हळूच विचारले.

"एकशे वीस," आजोबांनीच उत्तर दिले. मान वर न करता!

दशावतारी गंजिफात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग असतात. रंग म्हणजे आपल्या पत्त्यांत इस्पिक, बदाम असतात ना, तसे. प्रत्येक रंगात बारा पाने: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे, कूर्माच्या सत्तीवर सात कासवे, परशुरामाच्या तिर्रीवर तीन परशू. करा हिशेब. सगळे हाताने. साहजिकच असा कॅट महाग असतो, आणि त्याच बाजारात प्लॅस्टिकचा चौकोनी कॅट किरकोळ पैशांत मिळतो. आजोबांचा मुलगा गोव्यात नोकरीला आहे. "बरां चल्लाहा त्याचां," एवढेच ते म्हणाले आणि पुन्हा कुंचला बुडवला.

ही कला मध्यंतरी जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशिलादेवी यांनी १९७० च्या दशकात तिला पुन्हा उभे केले. ती जाणणारे पुंडलिक चितारी तेव्हा बरेच वृद्ध झाले होते. त्यांच्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यातच कारागीर बसवले आणि नव्या मुलांना कामाला लावले. आणखी थोडी वर्षे गेली असती तर शिकवायलाच कुणी उरले नसते.

पण एक गोष्ट मला खटकते. गंजिफा विकत घेणारे बहुतेक पाहुणे त्या काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर टांगतात. दिसतात सुरेखच. पण भिंतीवर टांगलेली क्रिकेटची बॅट तुम्हाला आवडेल का? आजोबांनी भाचीला तेच सांगितले. "घी, पण शोभेक ठेव नको हां, चेडवा. पत्ते ते, खेळूक होये."

म्हणून खेळ कसा असतो, तेही सांगतो. तिघे बसले तर प्रत्येकाला चाळीस पाने येतात. (छोट्या हातांचे हाल होतात!) गोल पाने पिसणे कठीण, म्हणून ती चादरीवर पालथी घालून कालवायची. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा, तो सुरुवात करतो. रात्री मान कृष्णाच्या राजाचा. यात हुकूम नसतो. प्रत्येक रंगात राजा सर्वांत मोठा, मग प्रधान. पुढे गंमत आहे. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या पाच रंगांत नेमके उलटे! बारीक नियम ठिकठिकाणी वेगळे असतात, पण ज्याचे हात जास्त तो जिंकला, हे सगळीकडे सारखे. कुठले पान होऊन गेले आणि कुठले बाकी आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. पाढ्यांपेक्षा अवघड, पण पाढ्यांपेक्षा मजेचे.

दिवाळीत तिथली मुले कागद आणि गवत भरून नरकासुर करतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळतात. पुढे कार्तिकात आसपासच्या गावांच्या जत्रा सुरू होतात. आमची सुट्टी संपता संपता एक जत्रा सापडली. खाजे घेतले, म्हणजे बेसनाच्या कांड्यांना आले घातलेल्या गुळाचा पाक लावलेला खाऊ. मग देवळापुढे सतरंजीवर बसलो, दशावतारी नाटक पाहायला. ही नाटके रात्रभर चालतात. लिहिलेले संवाद नसतात, नट तिथल्या तिथे रचून बोलतात. बायकांची कामेही परंपरेने पुरुषच करतात, आणि इतकी झोकात की ओळखू येत नाही.

सुरुवातीला गणपती आला, मोरावर बसून सरस्वती आली, आणि मग धडाधड उड्या मारत काळ्या वेषातला, लांब लाल जिभेचा संकासुर! पहिल्या रांगेतली चिमुरडी पोरे आईच्या कुशीत शिरली. तो बोलू लागला मात्र, तीच पोरे खदखदून हसू लागली, कारण संकासुर अस्सल मालवणीत टवाळी करतो. हाच तो वेद चोरणारा राक्षस. शेवटी विष्णूने त्याला मारले.

भाचीने माझा दंड धरला. "मामा, वेद चोरणाऱ्याला मारायला मत्स्यावतार झाला ना? म्हणजे हा त्या माशाच्या पत्त्यातला!"

पहाटे दहीकाला होईपर्यंत ती जागी होती. मी मधे दोनदा झोपलो, ही गोष्ट तिने घरी सर्वांना सांगितली आहे.

कॅट विकत घ्यायला आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते. तिने आजोबांकडून मत्स्याचा सुटा राजा तेवढा घेतला, आणि बाकीचे एकशे एकोणीस घरीच करायला बसली. तुम्हीही करून पाहा. जुन्या वह्यांचे पुठ्ठे घ्या, छोटी वाटी उपडी ठेवून गोल आखा आणि कापा. एका बैठकीत होत नाही. तिचे सध्या तीन रंग झाले आहेत, आणि त्या छत्तीस पानांवर आमच्या घरी रोज रात्री डाव रंगतो. कृष्ण अजून काढून व्हायचा आहे, त्यामुळे सुरुवात कुणी करायची यावरून भांडण असते. तिची कासवे बेसनाच्या लाडवांसारखी दिसतात. पण काल त्यातल्याच एका लाडवाने माझे दोन हात नेले.