बेअरिंग बोलतंय

अण्णांच्या सदऱ्याला कायम ग्रीसचा वास यायचा. आईनं सोड्यात उकळून काढला तरी जायचा नाही. अण्णा भाटघर धरणावर खलाशी होते. आम्ही धरणाखाली खात्याच्या चाळीत राहायचो. माझं सगळं लहानपण त्या दगडी भिंतीकडं बघण्यात गेलं.

हे धरण 1927 साली पुरं झालं. आधीच्या एका गव्हर्नरच्या नावावरून त्याला लॉईड डॅम म्हणत. आता कागदोपत्री येसाजी कंक जलाशय. पण भोरात कुणालाही विचारा, भाटघरच म्हणणार. वेळवंडीचं पाणी इथं अडतं आणि पुढं नीरेच्या दोन कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसपर्यंतचा ऊस पोसतं. बघायला येणाऱ्यांना नवल वाटायचं ते 45 स्वयंचलित दरवाजांचं. पाणी ठरल्या पातळीला चढलं की कुणी हात न लावता ते उघडतात.

"आपोआप उघडत्यात!" असं कुणी म्हटलं की अण्णा नुसते हसायचे. घरी आल्यावर मला म्हणायचे, "आपोआप म्हंजी काय रं? मे महिन्यात आम्ही मरतो, म्हणून पावसाळ्यात ते आपोआप उघडत्यात."

मे महिन्यात गंज खरवडायचा. लोखंड लोखंडावर फिरतं तिथलं जुनं वंगण पुसून नवं भरायचं. रबराची पट्टी चिरली असेल तर बदलायची. तापलेल्या लोखंडानं हाताला चटके बसायचे. हे सगळं झालं की संध्याकाळी वहीत लिहायचं: तारीख, दरवाजा, काय केलं, सही. अण्णा चौथी शिकलेले, पण त्या वहीत त्यांचं अक्षर मोत्यासारखं असायचं. एकदा मी म्हणालो, "काम तर झालं, मग लिहायचं कशाला?" म्हणाले, "लिहिलं न्हाई तर कुणाची पाळी राहिली ते कसं कळायचं?"

पानशेतचं नाव निघालं की ते गप्प व्हायचे. काम अपुरं असताना त्या धरणात पाणी अडलं होतं. खचणाऱ्या भरावावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकली, आणि 12 जुलै 1961 च्या सकाळी धरण फुटलं. खाली खडकवासल्याची भिंतही गेली आणि पुण्यात पाणी शिरलं. अण्णा तेव्हा पोरसवदा होते. ते एवढंच म्हणायचे, "पाणी आपल्या कामासाठी थांबत न्हाई."

मी हे सगळं ऐकत मोठा झालो, डी.एड. केलं, गुरुजी झालो. शिकलो मात्र काहीच नाही, हे पुढं कळलं.

आमचं मूळ गाव वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या पायथ्याकडं. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. पावसाळ्यात तिथं चार महिने छत्री वाळत नाही, आणि एप्रिलमध्ये बायका हंडा घेऊन झऱ्यावर रांगेत बसतात. 2005 च्या सुमाराला गावात नळयोजना झाली. ओढ्याकाठी विहीर, तिच्यावर मोटर, वर टेकाडावर टाकी. गावानं दहा टक्के लोकवर्गणी भरली. कुणी भात विकून, कुणी मुंबईच्या पोराकडून मागवून. गावात लिहिता-वाचता माणूस म्हणून मला समितीचा सचिव केलं. पाणीपट्टीचे पैसे माझ्याकडं असायचे.

दोन वर्षं पाणी छान आलं. अण्णा तोवर निवृत्त होऊन गावी आले होते. मार्चमध्ये एकदा सहज विहिरीवर गेले. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू मोटरीला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "बेअरिंग बोलतंय. आठ दिवसात बदलून घे. आन् हा स्टार्टर कुणी डायरेक्ट केला? मोटरीवर भार आला तर तिला बंद कोण करणार?"

सारखा ट्रिप होतो म्हणून आमच्याच पोरांनी तो डायरेक्ट केला होता. मला ते माहीत होतं.

शिल्लक होते साडेतीन हजार. त्याच महिन्यात पाहुणे योजना बघायला येणार होते. टाकीला रंग द्यायचा, कोनशिला धुऊन तिच्यावरची नावं पुन्हा रंगवायची असं समितीत ठरलं. मी म्हणालो, बेअरिंगचं नंतर बघू. मोटर चालतीय की! टाकी झकास निळी झाली. पाहुण्यांनी कौतुक केलं, फोटो निघाले.

तीन आठवड्यांनी बेअरिंग जाम झालं आणि मोटर जळाली. बेअरिंगचं काम काही शेकड्यांचं होतं. आता वायंडिंगला हजारो रुपये लागणार, आणि हातात काहीच नाही. पुन्हा वर्गणी मागायला गेलो तेव्हा लोक म्हणाले, "गुरुजी, आधीच्याचं काय केलं?" उत्तर निळ्या रंगात टेकाडावर उभं होतं.

बायका पुन्हा झऱ्यावर जायला लागल्या. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात माझी थोरली चुलती घसरली. तिला आम्ही माई म्हणायचो. खुब्याचं हाड मोडलं. डालग्यात बसवून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणली. वाटेत ती मला म्हणाली, "बाळा, हंडा तिथंच ऱ्हायला, कुणाला तरी आणाया सांग." एका शब्दानं बोलली असती तर बरं वाटलं असतं. त्यानंतर ती काठीशिवाय चालली नाही.

अण्णा त्या रात्री माझ्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, "दुकानातून शंभर पानी वही आण."

मोटर दुरुस्त होऊन आली तशी ती वही विहिरीवरच्या खोलीत खिळ्याला टांगली गेली. मोटर किती वाजता चालू झाली, कधी बंद केली, किती अँपिअर घेतले, आवाज कसा होता, ग्रीस कधी दिलं. पाणीपट्टीतला चौथा हिस्सा दुरुस्तीचा, त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही, असं ग्रामसभेत ठरवून घेतलं. स्टार्टर पूर्ववत केला. अण्णा पाच वर्षं रोज सकाळी खाली उतरून वही लिहीत राहिले.

अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. कोनशिलेवर त्यांचं नाव नाही. वंगण घालणाऱ्याचं नाव दगडावर कोण कोरतं?

सध्या नववी वही चालू आहे. माईची नातसून ती लिहिते. मागच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा ती मोटरीला स्क्रू-ड्रायव्हर लावून कान देऊन उभी होती. मला बघून म्हणाली, "गुरुजी, जरा गप बसा, ऐकू द्या."

मी गप बसलो.