निद्रेनंतरची नोंद

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी मिस्सा आटोपून मी दफ्तरात आलो, तो दाराशी ऐंशी ओलांडलेल्या एक आजी नातवासह उभ्या. हातात आदल्याच दिवशी मी सही करून दिलेला बाप्तिस्म्याचा दाखला.

"फादर, तुम्ही माझं वय एका वर्षानं कमी केलंत," त्या हसून म्हणाल्या. "मुंबईच्या गोदीत बोट फुटली ना, त्याच महिन्यातली मी. आई नेहमी सांगायची."

गोदीतील तो स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. दाखल्यावर १९४५ होते. मी कपाटातून जुनी नोंदवही काढली. कसरीने कडा कुरतडलेल्या पानावर माझ्या एका पूर्वसूरीच्या तिरप्या अक्षरात १९४४ स्पष्ट होते. त्या वहीतील नोंदी दोन वर्षे रात्री जागून लॅपटॉपवर उतरविणारा मीच.

दोष प्रथम मी माझ्या बोटांना दिला. परंतु काही महिन्यांपासून ते यंत्रही विचित्र वागत होते. रात्री झाकण मिटावे नि पहाटे उघडावे, तर कधी पडदा निळा होऊन ते आपणहून पुन्हा सुरू होई. कधी कालपर्यंत उघडणारी फाइल आज उघडत नसे. दिवसभर मात्र तक्रार नाही. आमच्या युवक संघातील एका जाणत्या मुलाने डिस्क तपासली, ड्रायव्हर नवे टाकले, रात्रभर रॅमची चाचणी लावली. एकही चूक सापडली नाही. दोन दिवसांनी पडदा पुन्हा निळा!

"फादर, चाचणी जागेपणी होते, आजार झोपेतला आहे," तो म्हणाला.

त्याने समजाविले ते असे. लॅपटॉप झोपतो तेव्हा पडदा, डिस्क, प्रोसेसर सारे थांबते. केवळ रॅमला बारीकसा वीजपुरवठा चालू राहतो. तिच्यातील प्रत्येक कणाचा विद्युत्भार सतत झिरपत असतो आणि सेकंदाला पंधरा-सोळा वेळा तो पुन्हा भरावा लागतो. झोपेत हे काम रॅम स्वतःच करते. ती अशक्त असेल तर एखादा कण विसरतो. जाग आल्यावर यंत्र मात्र तिच्यावर पूर्ण विश्वास टाकते. बिघडलेला कण एखाद्या प्रोग्रॅमचा असेल तर पडदा निळा होतो, निदान कळते तरी. तो माझ्या उघड्या नोंदवहीतला असेल तर काहीच होत नाही. संगणकाच्या लिपीत ४ आणि ५ यांत एकाच बिटाचे अंतर! मी निर्धास्तपणे सेव्ह करतो, पेन ड्राइव्हवर प्रतही ठेवतो; चूक इमानाने दोन्हीकडे जाते. आजींचे वर्ष असेच बदलले की माझ्या पेंगुळल्या बोटाने, हे आता सांगता येणार नाही. खरे सांगायचे तर दुसरी शक्यता मला अधिक छळते.

वर्षापूर्वी वाढवून घेतलेली रॅमची पट्टी त्याने काढली आणि यंत्राला वीस-पंचवीस वेळा झोपवून उठविले. पडदा निळा झाला नाही. हल्ली मी रात्री ते पूर्ण बंद करतो. कॅनन ५३५ जुन्या नोंदवह्या काळजीपूर्वक जपण्यास सांगते. त्या कपाटाची किल्ली हल्ली माझ्या खिशातच असते.

आजींना नवा दाखला त्याच दिवशी, वहीत पाहून, हाताने लिहून दिला. आता दर गुरुवारी संध्याकाळी एक निवृत्त शिक्षिका वहीतून मोठ्याने वाचतात आणि मी पडद्यावर बोट ठेवून ताडून पाहतो. आतापर्यंत तीन चुका सापडल्या. आम्ही १९५१ पर्यंत आलो आहोत.