न जुळणारा रोजमेळ

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवणाऱ्या एका घराण्यात तीन पिढ्यांचा नेम आहे. सूर्यास्तापूर्वी घरी जाऊन जेवून यायचे, पुन्हा गादीवर बसायचे आणि रोजमेळ जुळवल्याखेरीज दुकानाला कुलूप लावायचे नाही. शेतकऱ्याला दिलेली पट्टी, हमालीचे पैसे, तोलाई, आलेली रोकड, दिलेली उचल, सारे जमेच्या आणि नावेच्या बाजूला बसले पाहिजे. एकदा अवघ्या अडीच रुपयांचा फरक सापडेना, तेव्हा अण्णा रात्री साडेदहापर्यंत गादीवरून उठले नव्हते. त्यांची नऊ वर्षांची थोरली लेक त्या रात्री हळदीच्या पोत्यावर डोके टेकून झोपी गेली होती. फरक सापडल्यावर अण्णांनी तिला उठवले आणि म्हणाले, "बाळ, आजचा दिवस पुरा झाला. चल घरी."

ती लेक आज सव्वीस वर्षांची आहे. पुण्यात मामांकडे राहते आणि एका रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात काम करते. संकटात सापडलेल्या माणसाचा दूरध्वनी घ्यायचा, त्याचे ठिकाण नेमके काढायचे, जवळची मोकळी गाडी तिकडे धाडायची आणि गाडी पोचेपर्यंत त्या माणसाला शब्दांनी धरून ठेवायचे, हे तिचे काम. तिने ही नोकरी धरली तेव्हा घरात कोणी मोठ्याने विरोध केला नाही. अण्णांनी एवढेच विचारले, "रात्रपाळी असते का?" ती "हो" म्हणाली, आणि त्यानंतर दोन वर्षे या विषयावर अण्णा काहीही बोलले नाहीत. व्यापारी घरातील माणसे न बोलण्याचा अर्थ चांगला जाणतात.

हे काम जगाला फार जुने नाही. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागून पाच स्त्रियांचा मृत्यू झाला. शेजाऱ्याने अग्निशमन दलासाठी दूरध्वनी केला होता, परंतु एक्स्चेंजमध्ये इतर कॉलबरोबर त्यालाही रांगेत थांबावे लागले. त्याने वृत्तपत्राला संतप्त पत्र लिहिले, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा आणीबाणीचा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ वरचा पहिला कॉल फेब्रुवारी १९६८ मध्ये अलाबामा राज्यातील हॅलेव्हिल या छोट्या गावात लागला. आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ पासून आहे, विनामूल्य आहे आणि आपल्या राज्यात तिच्या गाडीसोबत डॉक्टर असतो. पोलीस, आग आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी आता ११२ हा एकच क्रमांकही उपलब्ध आहे. आपल्या कित्येक घरांत व्यापाऱ्यांचे शंभर नंबर तोंडपाठ असतात. हे दोन मात्र ऐन वेळी आठवत नाहीत.

नव्या माणसाला त्या कक्षात पहिला धडा मिळतो तो असा की, "काय झाले?" हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न "कुठे?" कॉल मध्येच तुटला आणि काय झाले ते कळले नाही तरी गाडी निघू शकते, कुठे ते कळले नाही तर सारे ज्ञान व्यर्थ. घाबरलेला माणूस मात्र नेमके उलट करतो. तो आधी घडलेले सांगतो, मग रडतो, मग "लवकर या" म्हणतो आणि फोन ठेवतो. पत्ता विचारला तर म्हणतो, "मारुतीच्या देवळाजवळ." महाराष्ट्रात मारुतीचे देऊळ नाही असे गाव कोणते?

पुण्यासारख्या शहरात अडचण आणखी बिकट होते. वडगाव बुद्रुक आहे, वडगाव खुर्द आहे, वडगाव शेरी आहे, आणि जरा बाहेर पडले की वडगाव मावळ. कोंढवा दोन, आंबेगाव दोन. तिथे राहणाऱ्याला आपले वडगाव एकच वाटते. तो शेपूट जोडत नाही.

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात याच ठिकाणी तिच्या हातून चूक झाली. एका स्त्रीने वडगाव म्हणून सांगितले. त्या दिवशी आधीचे दोन कॉल वडगाव बुद्रुकचे होते, म्हणून हिने तेच गृहीत धरून गाडी काढली. बोलता बोलता त्या स्त्रीने नगर रस्त्याचे नाव घेतले, तेव्हा ध्यानात आले की हे वडगाव शेरी. शहराचे हे टोक आणि ते टोक! तिने तत्काळ दुसरी गाडी वळवली, वरिष्ठांना सांगितले आणि नोंदीत स्वतःची चूक जशीच्या तशी लिहिली. मधे दोन मिनिटे गेली होती. त्या स्त्रीचे यजमान श्वासासाठी धडपडत होते. गाडी पोचली, रुग्णालयात गेली, एवढे पडद्यावर दिसले. पुढचे पान तिच्यापुढे उघडले नाही. त्या दोन मिनिटांनी काही बिघडले की नाही, हे तिला आजही माहीत नाही.

तेव्हापासून ती कितीही घाई असो, पत्ता दुसऱ्यांदा वाचून दाखवते आणि समोरच्याकडून "हो" वदवून घेते. पलीकडचा माणूस कधी चिडतो, कधी शिव्या देतो. ती आवाज चढवत नाही. घरी आजीने लहानपणी भाषासमितीचा अर्थ सांगताना तीन शब्द पाठ करून घेतले होते: हित, मित आणि प्रिय. हिताचे बोलावे, मोजके बोलावे, गोड बोलावे. आजीपुढे बसून ते पाठ करताना त्याचा अर्थ घरातल्या भांडणांपुरता वाटत असे. त्या कक्षात कानाला हेडफोन लावून बसल्यावर तिला कळले की तिन्हींत 'मित' सर्वांत कठीण. दया आली की माणूस जास्त बोलतो. आणि तिच्या कामात एक वाक्य जास्त म्हणजे पलीकडच्या माणसाचे काही श्वास कमी.

एका दुपारचा कॉल तिने मामींना सांगितला होता, नाव-गाव गाळून. बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. घरात तो आणि आजोबा, दोघेच. आजोबा जेवता जेवता कोसळले होते. मुलाने पत्ता बिनचूक सांगितला, इमारतीचे नाव, मजला, जिन्याची बाजू. हिने गाडी काढली आणि विचारले, "बाळा, आजोबा हाक मारल्यावर बोलतात का? छाती वर-खाली होते का?" दोन्हींना "नाही" आले. तिने कक्षातल्या डॉक्टरांना त्याच कॉलवर घेतले आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे एकेक गोष्ट मुलाला सांगत गेली. आजोबांना पाठीवर सपाट झोपव. फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेव. छातीच्या मधोमध तळहात ठेव, त्यावर दुसरा हात. कोपर वाकवू नकोस. जोराने दाब आणि सोड. मी मोजते, माझ्याबरोबर दाब.

असे दाब मिनिटाला १०० ते १२० द्यावे लागतात, मोठ्या माणसाची छाती सुमारे पाच सेंटिमीटर खाली जाईल इतके. हृदय थांबल्यावर काहीच न केल्यास दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते असे वैद्यकशास्त्र मानते. रहदारीच्या शहरात गाडीला दहा मिनिटे सहज लागतात. म्हणजे त्या दहा मिनिटांत डॉक्टर नव्हे, घरात जो असेल तोच आधार. त्या घरात तो मुलगा होता.

मुलगा दाबत राहिला. मध्ये म्हणाला, "ताई, हात दुखतात." ती म्हणाली, "ठाऊक आहे. थांबू नकोस. एक, दोन, तीन..." तो म्हणाला, "तुम्ही फोन ठेवणार नाही ना?" ती म्हणाली, "दार वाजेपर्यंत नाही." नवव्या मिनिटाला दार वाजले. माणसांचे आवाज आले, बुटांचे आवाज आले आणि कॉल तुटला. मुलाला शाबासकी द्यायची राहून गेली. पुढच्या क्षणी दुसरा कॉल आला. कोणी तरी रुग्णवाहिका खरोखर येते का हे पाहण्यासाठी गंमत म्हणून लावलेला. असे फोनही रोज पुष्कळ येतात आणि त्यांनाही शांतपणेच उत्तर द्यावे लागते, कारण पहिली दोन वाक्ये ऐकल्याखेरीज गंमत कोणती आणि आकांत कोणता हे कळत नाही.

पाळी संपवून घरी जाताना तिला दुकान आठवते. तिथे दिवसाचा हिशेब दिवसाला जुळत असे. इथे दिवसभरात किती जणांचे काय झाले, जमेला काय धरायचे आणि नावे काय टाकायचे, काहीच कळत नाही. दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी तिने सर्वांना फोन केले. आजीला, अण्णांना, मैत्रिणींना. मग बराच वेळ ती नुसती फोन हातात घेऊन बसली. ज्या एका स्त्रीची क्षमा मागायची होती तिचा क्रमांक तिच्यापाशी नव्हता. असता तरी कामातून मिळालेल्या क्रमांकावर खासगी फोन करणे योग्य नव्हते. मामींनी विचारले तेव्हा तिने वडगावची गोष्ट प्रथमच कोणाला तरी सांगितली.

मामींनी ती अण्णांच्या कानी घातली असावी. दिवाळीत ती सांगलीला गेली. वहीपूजन झाले, नव्या वहीवर स्वस्तिक काढून झाले, मंडळी प्रसाद घेऊन पांगली. अण्णा गादीवर बसून राहिले आणि तिला म्हणाले, "तुझा रोजमेळ जुळत नाही म्हणे."

ती काही बोलली नाही.

मग अण्णांनी घरात कोणी कधी बोलत नसे ती गोष्ट काढली. त्यांचे वडील १९९६ साली याच दुकानात, ऐन सौद्याच्या वेळी कोसळले होते. भोवती वीस-पंचवीस माणसे होती. कोणी पाणी आणले, कोणी कांदा हुंगवला, कोणी तळवे चोळले. टेम्पो मिळेपर्यंत अर्धा तास गेला. "सगळी आपलीच माणसे होती," अण्णा म्हणाले, "आणि आम्ही सगळे नुसते उभे होतो. माझ्या वहीत तो अर्धा तास अजून तसाच आहे. ना जमा, ना नावे." थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुझी दोन मिनिटे तू लिहून ठेवलीस. आम्ही तर तेवढेही केले नाही. रात्रपाळीचे मी विचारले होते ते काळजीने. नोकरी सोड असे मला म्हणायचे नव्हते."

"मग दोन वर्षे बोलला का नाहीत, अण्णा?"

"तू रोज तेच ऐकतेस, जे मला एकदाही ऐकवत नाही. काय बोलणार?"

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दिवाणजी, दोघे पुतणे आणि सहाही हमालांना दुकानात बसवले. लेकीने गहू भरलेल्या अर्ध्या पोत्यावर छाती कशी दाबायची ते दाखवले आणि प्रत्येकाकडून करून घेतले. हमालांचे हात मुळातच मजबूत; त्यांना जोर शिकवावा लागला नाही, ताल शिकवावा लागला. एका पुतण्याने शंका काढली, "रस्त्यावरच्या परक्या माणसाला हात लावला आणि पोलिसांचे लचांड मागे लागले तर?" तिने सांगितले की सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याने स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

मग अण्णांनी रंगाऱ्याला बोलावले. फोनच्या वरच्या भिंतीवर, कुलदेवतेच्या तसबिरीच्या खालोखाल, आता ठळक अक्षरांत १०८ आणि ११२ लिहिलेले आहे. त्याखाली दुकानाचा पूर्ण पत्ता आहे: गाळा क्रमांक, कोणत्या रस्त्याने आत यायचे, कोणत्या फाटकातून मोठी गाडी शिरते, जवळची ठळक खूण. पत्ता दुकानातल्या सगळ्यांना पाठ असतानाही तो कशासाठी, असे दिवाणजींनी विचारले. अण्णा म्हणाले, "१९९६ साली मलाही पाठ होता."

आपल्या दुकानात, वखारीत, घरात असा कागद लावायला खर्च काही नाही. घरातल्या लहान मुलांना इमारतीचे नाव, मजला आणि तालुका सांगता येतो का, हे आजच विचारून पाहावे. फोन लागल्यावर आधी ठिकाण सांगावे, विचारलेल्याचे उत्तर द्यावे, आणि पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवू नये. पलीकडची व्यक्ती पत्ता पुन्हा विचारते म्हणून रागावू नये. तिच्या त्या प्रश्नामागे एखादे वडगाव असू शकते.

भाऊबीज उरकून ती पुण्याला परतली. त्या दिवशी रात्रपाळी होती, म्हणून सूर्यास्तापूर्वी जेवून ती निघाली. कक्षात शिरण्याआधी अण्णांचा फोन आला. त्यांनी जेवण झाले का ते विचारले, हळदीचा भाव सांगितला. ठेवताना म्हणाले, "सकाळी पाळी संपली की फोन कर. किती वाजता असो."

ती सकाळी साडेसात वाजता करते. रात्री काय झाले ते अण्णा विचारत नाहीत आणि तीही सांगत नाही. "आजचा दिवस पुरा झाला का?" एवढे अण्णा विचारतात. ती "हो" म्हणते.