पुली हवीय की शाफ्ट?

बुधवारची सकाळ. पुण्याच्या मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो, तिथे एक पन्नाशीचे गृहस्थ गाडीच्या एका अल्टरनेटरभोवती घुटमळत होते. हे गृहस्थ म्हणजे मीच. पण पुढच्या तीन संध्याकाळी मी जे उद्योग केले, ते परक्या माणसाचे म्हणून सांगणं मला जरा सोपं जाईल.

भाचीच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पायडल मारून दिवा लावायचा, असा गृहस्थांचा बेत होता. जुनी सायकल घट्ट उभी करायची, मागचा टायर काढायचा, रिकाम्या रिमच्या खोबणीत पट्टा बसवायचा आणि त्या पट्ट्याने अल्टरनेटर फिरवायचा. निवडलेला नग जड होता आणि त्याच्या शेपटीकडून काळं तेल पाझरत होतं. म्हणजे डिझेल गाडीचा. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे आपसूक ओढ तयार होते आणि ती ब्रेकच्या कामी येते. डिझेल इंजिनात ती सोय नसते. म्हणून आपल्याकडच्या कित्येक जीप-टेम्पोंमध्ये अल्टरनेटरच्या मागेच व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो आणि त्याला इंजिनाचंच तेल जातं. भंगारवाल्याने पुलीला एक गिरकी दिली. “फिरतोय बघा!” सौदा झाला.

अडचण होती ती पुलीचीच. इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी अल्टरनेटर मिनिटाला दोनेक हजार फेरे घेतो. सायकलवर माणूस मिनिटाला 60 फेरे मारणार. पुढच्या 44 आणि मागच्या 18 दात्यांमुळे मागचं चाक 147 वेळा फिरणार. रिम साधारण 60 सेंटिमीटरची, पुली 8 सेंटिमीटरची. गुणाकार जेमतेम 1100 वर येऊन थांबला. तेवढ्यावर अल्टरनेटर जागाही होत नाही. 5 सेंटिमीटरची पुली लावली तर आकडा 1700 च्या पुढे जातो. तेव्हा जुनी पुली काढणं आलं.

पहिली संध्याकाळ नटाने खाल्ली. पाना फिरवला की अख्खा शाफ्टच फिरे. गृहस्थांनी पुलीमागच्या पंख्यात स्क्रूड्रायव्हर अडकवला, तर पंख्याचं पातं वाकलं. मग जुना पट्टा पुलीभोवती गुंडाळून व्हाइसमध्ये आवळला आणि पान्याला पाईप लावून जोर केला. पट्टा सरकला, गृहस्थ भिंतीवर आदळले, नट जागच्या जागी. शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या पोराने हवेची गन लावली. टर्रर्र! दोन सेकंदांत नट त्याच्या तळहातावर. शाफ्ट कुणी धरलाच नव्हता. पान्याचा जोर सलग असतो, म्हणून शाफ्ट बरोबर फिरतो. गन मात्र बारीक-बारीक ठोके देते, आणि आतला वजनदार रोटर काही एवढ्या चटकन हलत नाही. नट त्याआधीच सुटतो.

आता पुली हाताने निघेल, ही समजूत दुसऱ्या संध्याकाळी मोडली. लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळच्या लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, आणि पुलीच्या भोकात तेवढी जागा नसतेच. रात्रभर डिझेलमध्ये ठेवूनही पुली केसभर सरकली नाही.

तिसरी संध्याकाळ सांगायला नको अशी. तीन पायांचा पुलर मागून आणला, आवळत नेला, आणि बिडाच्या पुलीची कड कडकन तुटली. वैतागून शाफ्टच्या टोकावर हातोडा घातला. नट काठाशी समपातळीत येईल इतका उलट चढवून मग ठोकायचं असतं, म्हणजे आटे वाचतात, हे गृहस्थांना ठाऊक होतं. राग आल्यावर आठवलं नाही. आटे दबले. आता पुली तापवावी म्हणून त्यांनी स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला, पण घरच्या मंडळींनी गॅसची शेगडी द्यायला साफ नकार दिला. पुलीच्या लगेच मागे बेअरिंग असतं. पुली तापेपर्यंत त्यातलं ग्रीस आणि रबरी सील दोन्ही वाया गेलं असतं. त्या नकाराबद्दल मी आजही ऋणी आहे.

शनिवारी अल्टरनेटर पिशवीत घालून मी ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टपरीवर गेलो. मिस्त्रींनी तो हातात फिरवला, तुटलेली कड पाहिली, दबलेले आटे पाहिले, वाकलेलं पातंही पाहिलं.

“साहेब, तुम्हाला पुली हवीय की शाफ्ट?”

“शाफ्ट.”

“मग पुलीला का जपताय?”

मी गप्प. जी वस्तू फेकून द्यायची होती, तिला शाबूत ठेवण्यासाठी मी तीन संध्याकाळी घालवल्या होत्या.

मिस्त्रींनी कटर काढला. शाफ्टवर अर्धचंद्री चावी बसवलेली असते. तिच्या बरोबर वर त्यांनी पुलीला उभा काप घेतला. का, तर हात घसरलाच तर पातं चावीवर जाईल, शाफ्टवर नाही. चावी पाच-दहा रुपयांची. एखादा मिलिमीटर राहिला असताना ते थांबले, कापात छिन्नी टेकवली आणि एकच ठोका दिला. बीड वाकत नाही, तडकतं. ठक्क आवाज झाला आणि पुलीचे दोन तुकडे टपरीच्या फळीवर पडले. आटे त्यांनी तिकोनी कानशीने उजळले, पातं पकडीने सरळ केलं आणि चहा सांगितला.

प्रदर्शनात सायकल चालली. अल्टरनेटरला जागं करायला बॅटरी जोडावी लागली, कारण त्याच्या पोटात कायमचं चुंबक नसतं. रोटरच्या गुंडाळीलाच आधी 30-40 वॉट पाजावे लागतात, आणि साधा माणूस सलग 100 वॉटच्या आसपासच देऊ शकतो. त्यामुळे इंडिकेटरचे 21 वॉटचे दोन बल्ब एवढीच आमची रोषणाई. बल्बांकडे मात्र कुणी फारसं बघत नव्हतं. स्विच बंद असताना पायडल हलकं फिरायचं, स्विच टाकला की पायाखाली चिखल लागल्यासारखं एकदम जड व्हायचं. रांग त्यासाठी लागली होती. स्विच भाचीच्या हातात होता, आणि पी.टी.चे सर सायकलवर बसले तेव्हा तिने तो न सांगताच टाकला.